गुरुजींच्या गावाहून

दार-ए-सलाम,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. आप्पांना शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सोमवारी कसली गं सुट्टी तुमची?" मी म्हटलं, "गुरुजींची पुण्यतिथी." तुम्हाला वाटलं मी थट्टा करतेय. नाव सांगितल्यावर मात्र लगेच, "हां, न्येरेरे! पेपरात यायचं त्यांचं नाव," म्हणालात आणि खास वर्गातल्या आवाजात प्रश्न टाकलात, "देश घडवला की बुडवला? एका वाक्यात उत्तर द्या." तेवढ्यात रेंज गेली. बरंच झालं, नाहीतर मार्क गेलेच होते. म्हणून हे पत्र. मोतीबिंदू काढलेला असला तरी अक्षर मोठं काढलंय, तेव्हा पानं बघून घाबरू नका. आणि छोट्याकडून वाचून घेऊ नका. तो मधले परिच्छेद गाळतो.

गुरुजी हे मी माझ्या मनचं म्हटलेलं नाही. ज्युलिअस न्येरेरे टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, पण इथे त्यांना कुणी राष्ट्राध्यक्ष म्हणत नाही, साहेब म्हणत नाही. सगळे 'म्वालिमू' म्हणतात. स्वाहिलीत म्वालिमू म्हणजे शिक्षक. साध्या शाळेतल्या मास्तरला जे म्हणतात तेच. हजाराच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे आणि मी रोज सकाळी भाजीवालीला हजार-हजाराचे गुरुजी मोजून देते. (हजार शिलिंग म्हणजे फार नव्हे, दोन-तीन वांगी येतात.) आज त्यांना जाऊन २५ वर्षं झाली. १९९९ साली लंडनच्या इस्पितळात गेले, रक्ताचा कर्करोग होता.

स्वाहिलीचं आणखी एक सांगते, तुम्हाला आवडेल. वयानं मोठं कुणीही भेटलं, अगदी लिफ्टमध्ये अनोळखी म्हातारं भेटलं, तरी 'शिकामू' म्हणायचं. मूळ अर्थ 'तुमचे पाय धरते' असा आहे म्हणतात. मोठ्यानं त्यावर 'मराहाबा' म्हणायचं, की झालं. वाकायचं नाही, पदर सावरायचा नाही, पण मान दिल्याचं समाधान पुरेपूर. शिवाय पेसा म्हणजे पैसा, गारी म्हणजे गाडी, हिसाबू म्हणजे हिशेब, लाकी म्हणजे लाख. मला हिशेबाच्याच कामाला इथे आणलंय, त्यामुळे पहिल्या महिन्यात निम्मी भाषा फुकटात पदरात पडली.

आता तुमचा प्रश्न.

न्येरेरे १९२२ साली बुटियामाला जन्मले. व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेला आहे हे गाव. वडील झानाकी नावाच्या लहानशा जमातीचे प्रमुख. जन्माच्या वेळी धो धो पाऊस होता, म्हणून पावसाच्या देवतेवरून नाव ठेवलं कांबारागे. ज्युलिअस हे पुढे बाप्तिस्म्याचं. जमातीच्या रिवाजाप्रमाणे समोरचे दात कानस लावून टोकदार केलेले. बाराव्या वर्षी पहिल्यांदा शाळेचं तोंड पाहिलं आणि मग असा काही वेग घेतला की टाबोराची सरकारी शाळा, युगांडातलं मकेरेरे, आणि तिथून थेट एडिनबरा. १९५२ मध्ये एम. ए. होऊन परत आले तेव्हा या देशात असा शिकलेला काळा माणूस दुसरा नव्हता. परत येऊन काय केलं, तर पुगूच्या मिशन शाळेत मास्तरकी धरली. पुगू इथून वीसेक किलोमीटरवर आहे. इतिहास, इंग्रजी, स्वाहिली शिकवत. तुम्ही म्हणता ना, खरा मास्तर पगारासाठी शाळा निवडत नाही.

तेव्हा या मुलखाचं नाव टांगानिका. पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनांचा, नंतर इंग्रजांकडे. पण आपल्यासारखा सरळ गुलाम नव्हे. आधी राष्ट्रसंघानं आणि पुढे संयुक्त राष्ट्रसंघानं इंग्रजांना सांभाळायला दिलेला. अज्ञान पोराची इस्टेट चुलत्यानं सांभाळावी, तसा. आता चुलते इस्टेट कशी सांभाळतात ते तुम्हाला मी काय सांगावं! पण या व्यवस्थेत एक फट होती. पोराला चुलत्याविरुद्ध कोर्टात जाता येत होतं, आणि मास्तरांनी ती फट हेरली.

७ जुलै १९५४ ला त्यांनी जुन्या आफ्रिकी संघटनेचं रूप बदलून टानू हा पक्ष काढला. इथे आजही ७ जुलैला सुट्टी असते, 'साबा साबा' म्हणजे सात-सात. पुढच्या मार्चमध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळापुढे उभे राहिले. त्यांनी मागितलं तरी किती, तर वीस-पंचवीस वर्षांत स्वराज्य! तेही त्यांच्या पदरचं नव्हतं, संयुक्त राष्ट्रांनीच पाठवलेल्या पाहणी मंडळानं आदल्या वर्षी तेवढा काळ सुचवला होता. इंग्रजांना तेवढंही जड गेलं. गंमत अशी की प्रत्यक्षात सहाच वर्षं लागली.

न्यूयॉर्कहून परत आल्यावर शाळेच्या चालकांनी विचारलं, मास्तरकी करणार की राजकारण? दोन्ही चालणार नाही. त्यांनी राजीनामा दिला. घरी बायको, लहान लेकरं, आणि पगार बंद. हा पहिला राजीनामा. पहिला म्हणते कारण पुढे बरेच आहेत. या माणसाचं चरित्र वाचताना मी मार्जिनमध्ये राजीनाम्यांवर खुणा करत गेले, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर या खुणांच्या आसपासच कुठेतरी आहे. ते स्वतः म्हणत की मी आवडीनं मास्तर आणि अपघातानं राजकारणी.

मग खटाऱ्या लँडरोव्हरमधून देश पालथा घातला. इथे शंभराहून जास्त जमाती, प्रत्येकीची बोली निराळी. पण स्वाहिली व्यापारामुळे सगळीकडे झिरपलेली होती आणि ती कुठल्याच मोठ्या जमातीची स्वतःची नव्हती. त्यामुळे 'तुमची भाषा आमच्यावर का' असं म्हणायला कुणाला जागाच राहिली नाही. आपल्याकडे भाषेवरून किती डोकी फुटली ते आठवा. म्वालिमू त्याच भाषेत बोलायचे, तेही सभेत गोष्ट सांगितल्यासारखं. पुढे राज्य करता करता त्यांनी शेक्सपिअरची दोन नाटकं स्वाहिलीत आणली. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं त्यातलाच प्रकार. मास्तर लोकांना शेक्सपिअर सोडवत नाही, कुठलेही असोत.

पण एकट्या मास्तरांनी गर्दी जमली नाही बरं का. बिबी टिटी मोहम्मद नावाची बाई होती. शाळा जेमतेम चार बुकं, पण दार-ए-सलामच्या बायकांच्या नाचगाण्याच्या मंडळांत गाणारी, आवाज खणखणीत. पक्षानं तिला १९५५ मध्ये महिला शाखा दिली आणि काही महिन्यांत हजारो बायका सभासद झाल्या. सुशिक्षित पुरुष सरकारी नोकरी जाईल म्हणून मागे राहात होते. भाकरीपुरतं विकून खाणाऱ्या, पाव-भजी तळणाऱ्या बायकांना गमवायला नोकरी नव्हतीच. तिनं गाण्याच्या मंडळांचंच जाळं पक्षाचं जाळं केलं. मी रोज ऑफिसला जाते तो रस्ता तिच्याच नावाचा आहे. तिच्याबद्दल पुन्हा लिहीन, विसरू नका.

१९५७ मध्ये इंग्रज सरकारनं आधी न्येरेरेंना जाहीर भाषणं करायला बंदी घातली आणि मग त्याच वर्षी कायदे मंडळावर नेमून घेतलं. एका हातानं चापट, दुसऱ्या हातानं पेढा. पाचेक महिने बसले, काही हलत नाही असं दिसल्यावर डिसेंबरात बाहेर पडले. खूण क्रमांक दोन.

आता टाबोराची गोष्ट सांगते. मला विचाराल तर हा त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड तास, आणि तो त्यांनी निव्वळ बोलून मारला. सरकारनं पहिली निवडणूक जाहीर केली, पण कशी? प्रत्येक मतदारानं तीन मतं द्यायची, एक आफ्रिकी उमेदवाराला, एक आशियाई, एक युरोपीय. तिघांच्या जागा सारख्या. आता आकडे बघा. युरोपीय वीस-बावीस हजार, आशियाई म्हणजे आपले आणि अरब मिळून लाखभर, आणि आफ्रिकी ऐंशी लाखांच्या वर. शिवाय मतदार व्हायला वर्षाला १५० पौंड मिळकत किंवा आठवी पास असली अट. एवढी उघड थट्टा कोण सहन करील? जानेवारी १९५८ मध्ये टाबोराला पक्षाचं अधिवेशन भरलं ते बहिष्काराच्या तयारीनंच. सगळ्यांची डोकी तापलेली. आणि म्वालिमू उठून म्हणाले, आपण लढायचं.

त्यांचा हिशेब सरळ होता. तीन मतं द्यावी लागणार, म्हणजे आशियाई आणि युरोपीय उमेदवारांनाही आफ्रिकी मतदाराच्या दारात यावंच लागणार. मग आपणच त्यांच्यातले आपल्या विचाराचे का उभे करू नयेत? बाहेर बसलो तर ती घरं रिकामी सोडल्यासारखं होईल. मास्तरांनी पोरांना गणित पटवावं तसं त्यांनी भरसभेला पटवलं. काहींना नाही पटलं, ते फुटून गेले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. पण १९५८-५९ च्या निवडणुकीत टानूनं पाठिंबा दिलेले काळे, गोरे, सावळे सगळे निवडून आले. इंग्रजांनी जो सापळा म्हणून मांडला होता त्याचाच त्यांनी जिना केला. दुसऱ्या कुणी इथे बहिष्कार घातला असता, तुरुंगात गेला असता, मोठा झाला असता. न्येरेरेंना मोठं व्हायची तेवढी घाई दिसत नाही.

तुरुंगाचा मोकाही त्याच वर्षी आला होता. पक्षाच्या पत्रकात दोन जिल्हाधिकाऱ्यांवर लिहिलं म्हणून बदनामीचा खटला झाला. बचावाला लंडनहून प्रिट नावाचे नामांकित बॅरिस्टर आले, केनियात तिथले पुढारी केन्याटा यांच्या बाजूनं उभे राहिलेले तेच. त्यांच्या जोडीला इथले आपल्याच वंशाचे वकील होते, झवेरी आणि रतनसी. निकाल लागला : तीन हजार शिलिंग दंड, नाहीतर सहा महिने कैद. बाहेर हजारो लोक. कैद पत्करली असती तर देश पेटला असता, आणि म्हणूनच त्यांनी दंड भरला. आप्पा, तुम्ही सेवा दलातली माणसं, तुम्हाला हे कमीपणाचं वाटेल. मलाही आधी वाटलं. आता तेवढं वाटत नाही.

पुढचं भराभर सांगते. १९५९ मध्ये कायदे मंडळात त्यांनी एक वाक्य म्हटलं, आम्हाला किलिमांजारोच्या माथ्यावर एक मेणबत्ती लावायची आहे, तिचा उजेड सरहद्दीपलीकडे जावा, जिथे निराशा आहे तिथे आशा, जिथे द्वेष आहे तिथे प्रेम आणि जिथे नुसता अपमान आहे तिथे मान घेऊन. १९६० च्या निवडणुकीत ७१ पैकी ७० जागा. ९ डिसेंबर १९६१ ला, बंदुकीची गोळी न झाडता, टांगानिका स्वतंत्र. आणि त्या रात्री खरोखरच एका तरुण लष्करी अधिकाऱ्यानं किलिमांजारोवर मशाल नेऊन लावली. ती मशाल अजून दरवर्षी देशभर फिरते आणि आजच्या दिवशी तिची फेरी संपते. सकाळी टीव्हीवर तेच चाललं होतं. तुम्ही गोव्याची गोष्ट सांगता ना, १९ डिसेंबरची, रेडिओला कान लावून बसला होतात ती? त्याच्या बरोबर दहा दिवस आधीची ही रात्र. दार-ए-सलाममध्ये तेव्हा गोव्याचे पुष्कळ कारकून होते. त्या पंधरवड्यात त्यांच्या घरांतून काय काय बोललं गेलं असेल, कुणी लिहून ठेवायला हवं होतं.

आणि मग तिसरी खूण. स्वातंत्र्याला दीड महिना झाला नाही तोच, २२ जानेवारी १९६२ ला, पंतप्रधान न्येरेरेंनी राजीनामा दिला! खुर्ची सहकारी रशीदी कावावांकडे सोपवली आणि आपण पक्षाचं काम करायला खेडोपाडी निघाले. त्यांचं म्हणणं, लोकांना स्वातंत्र्य म्हणजे काय ते अजून सांगायचं राहिलंय. वर्षाअखेर प्रजासत्ताक झालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष म्हणून परतले, पण तोवर मधे जवळजवळ अकरा महिने या माणसाकडे कुठलंही सरकारी पद नव्हतं. ज्यानं देश मिळवला त्यानं. मला असं दुसरं उदाहरण चटकन आठवेना.

यातला आपल्या लोकांचा भाग तुम्हाला सांगायलाच हवा. १९६१ च्या ऑक्टोबरात नागरिकत्वाचा कायदा आला तेव्हा त्यांच्याच पक्षातले आमदार म्हणाले, नागरिकत्व फक्त काळ्यांना द्या. न्येरेरे भडकले. कातडीच्या रंगावर नागरिकत्व द्यायचं तर हिटलरमध्ये आणि आपल्यात काय फरक, असं बोलले, आणि हे बदललं तर मी आणि माझं सरकार राजीनामा देऊ म्हणून बजावलं. कायदा त्यांच्या मनासारखा झाला. भारतीय वंशाचे आमिर जमाल पुढे कितीतरी वर्षं अर्थमंत्री होते. शेजारच्या युगांडात १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीननं आपल्या लोकांना नेसत्या वस्त्रानिशी हाकललं, तसं इथे झालं नाही. पण गोड गोडच सांगायचं नाही. १९७१ मध्ये भाड्यानं दिलेल्या मोठ्या इमारती सरकारनं ताब्यात घेतल्या आणि त्या बहुतेक गुजराती, इस्माइली लोकांच्याच होत्या. हजारो जण कॅनडाला, इंग्लंडला निघून गेले. मी राहते ती उपांगामधली इमारत त्याच काळातली. जिन्यात दगडात कोरलेलं एक गुजराती नाव अजून आहे, घर मात्र आता त्यांचं नाही.

इथपर्यंतचे म्वालिमू फळ्यासमोरचे होते. आता छडी घेतलेले.

राष्ट्राध्यक्ष होण्याआधीच, १९६२ मध्ये, बिनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा झाला होता. १९६४ च्या जानेवारीत सैन्यानं पगारासाठी बंड केलं. म्वालिमूंना दोन दिवस लपून राहावं लागलं आणि बंड मोडायला ज्या इंग्रजांना घालवलं त्यांचंच सैन्य बोलवावं लागलं. तो अपमान त्यांना फार लागला असावा. त्याच एप्रिलमध्ये समोरच्या झांझिबार बेटांशी जोड होऊन टांझानिया झाला, आणि १९६५ पासून एकच पक्ष. निवडणुका व्हायच्या, पण अध्यक्षपदाला एकच नाव, हो किंवा नाही म्हणायचं. आणि बिबी टिटी? तिच्यावर राजद्रोहाचा आरोप आला, जन्मठेप झाली. १९७२ मध्ये सुटली. तिच्याच नावाच्या रस्त्यानं मी जाते. सिग्नलला गाडी थांबली की हे हमखास डोक्यात येतं.

दुसरीकडे बघा. १९६६ मध्ये विद्यापीठातली पोरं सक्तीच्या राष्ट्रसेवेविरुद्ध मोर्चा घेऊन आली, मंत्र्यांचे पगार बघा म्हणाली. म्वालिमूंनी पोरांना घरी पाठवलं आणि स्वतःचा पगार वीस टक्के कापला. आता ही शिक्षा कुणाला? दोघांनाही! ५ फेब्रुवारी १९६७ च्या आरुशा जाहीरनाम्यात तर पुढाऱ्यांना दोन पगार, कंपन्यांचे शेअर, भाड्याचं घर सगळं बंद. बँका सरकारी झाल्या. आणि 'उजामा' म्हणजे कुटुंबपणा, एकत्र राहा, एकत्र जमीन कसा. कागदावर वाचताना विनोबांची आठवण येते. भारत सरकारनं गांधी शांतता पुरस्कार सुरू केला तेव्हा १९९५ चा पहिला पुरस्कार न्येरेरेंनाच दिला होता, ते काही उगाच नाही.

कागदाबाहेरचं मला आमच्या बाबूंनी सांगितलं. बाबू म्हणजे आजोबा. आमच्या इमारतीचे रात्रीचे राखणदार, वय ७५, डोडोमाकडचे, गोगो जमातीचे. ते लोक गुरं राखणारे, मातीची सपाट धाब्याची घरं, एकेक घर लांब लांब. १९७१ मध्ये त्यांच्या भागात दुष्काळानंतर मोहीम निघाली. सरकारी ट्रक आले, सामान चढवा म्हणाले, आणि सडकेच्या कडेला, दोरी लावून आखलेल्या ओळीत नेऊन उतरवलं. इथे बांधा. जुन्या घराचं छप्पर काढून टाकलं, परत जाऊ नये म्हणून. शेत राहिलं दोन तासांच्या वाटेवर. रानडुकरांपासून राखणार कोण? १९७३ च्या नोव्हेंबरात म्वालिमूंनी स्वतः जाहीर केलं की आता गावात राहणं ही आज्ञा आहे, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत देशभर लाखो माणसं अशी हलवली गेली. मधेच अवर्षण, आणि धान्य परदेशातून आणायची पाळी.

बाबू हे सांगत होते तेव्हा रात्रीचे अकरा वाजले असतील, खाली गेटजवळ लाकडी बाकावर. आप्पा, मला दुसरंच दिसत होतं. आपलं गाव. तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, ट्रक कसा आला, आजीनं जातं कसं सोडायला नकार दिला, तुळशीवृंदावन कसं उचललं नाही, नव्या वसाहतीत घरांना नावं नव्हती, नंबर होते. आपलं धरणात गेलं, यांचं समाजवादात. ट्रक तोच. मी त्यांना आपलं सांगितलं. त्यांना धरण कळलं, जातं पण कळलं. त्यांच्या आईनंही दळायचा दगड आणला होता म्हणाले.

मी जरा चिडून विचारलं, मग म्वालिमूंचा राग नाही येत? बाबू म्हणाले, "छप्पर काढलं ते जिल्ह्याच्या माणसांनी. म्वालिमूंना कुठे ठाऊक होतं?" आजीही अगदी असंच म्हणायची ना, मुंबईच्या साहेबांपर्यंत आपलं पोचलंच नसेल! १९७३ ची ती आज्ञा मी बाबूंना सांगितली नाही. मग ते म्हणाले, त्या नव्या गावात संध्याकाळी म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे वर्ग भरायचे, कंदिलावर. तिथे ते वाचायला शिकले. स्वाहिलीही नीट तिथेच आली, त्याआधी नुसती गोगो. आता रोज रात्री माझा शिळा पेपर मागून घेतात आणि सकाळी नीट घडी घालून परत देतात. घडीच्या वर छापलेला दिवस दिसेल असा. हे सगळं मास्तरांच्या खात्यावर कुठे लिहू, जमेला की नावे? मी हिशेबनीस, पण मला हे खातं मिटवता येत नाही.

पुढे १९७८ मध्ये अमीननं इथल्या हद्दीतला कागेराचा पट्टा गिळला, यांनी सैन्य पाठवलं, १९७९ मध्ये कंपाला घेतलं, अमीन पळाला. पण तिजोरी खाली झाली. ऐंशीच्या सुरुवातीला साबण, साखर, कपडा, कशालाही रांग. माझ्या ऑफिसातली बाई सांगते, तिची आई पपईच्या पानांनी कपडे धुवायची. बाई पन्नाशीची आहे, चिडूनच सांगते.

आणि १९८५ मध्ये चौथी खूण. कुणी ढकललं नव्हतं, सैन्य दारात नव्हतं, निवडणूक हरले नव्हते. स्वतःहून पायउतार झाले, अली हसन म्विन्यींना खुर्ची दिली, आणि पक्षाचं पद आणखी पाच वर्षांनी सोडून बुटियामाला शेती करत राहिले. म्विन्यींनी दुकानं, बाजार पुन्हा मोकळे केले, म्हणजे म्वालिमूंचंच बरंचसं पुसलं, तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. नव्वदच्या दशकात मला वाटतं दुष्मनसुद्धा त्यांच्याकडे भांडण सोडवायला जायचे. शेवटची काही वर्षं बुरुंडीच्या यादवीत मध्यस्थी करण्यातच गेली.

मागच्या महिन्यात इथल्या मागोमेनी भागातलं त्यांचं घर बघून आले, चळवळीच्या काळात राहायचे ते. आता तिथे संग्रहालय आहे. बैठं, लहानसं, आपल्या वसाहतीतल्या कुठल्याही घरासारखं. शाळेची एक सहल आली होती, पोरं खिडक्यांवर नाकं दाबून उभी होती आणि बाई ओरडत होत्या, "ओळीत!" मला हसू आलं. ओळीत उभं राहा म्हणून सांगणं हे मास्तराचं पहिलं काम असतं. पुगूच्या वर्गात ते शोभत होतं, डोडोमाच्या माळावर नव्हतं. टाबोराला ज्यानं बोलून माणसं वळवली त्यालाच पंधरा वर्षांनी बोलायला सवड नव्हती. आप्पा, तुम्ही ३२ वर्षं शिकवलंत. तुमच्या हातातही छडी होती आणि पुढे तुम्हीच ती कपाटावर टाकलीत, आम्हाला लहानपणी दिसायची, धूळ खात. कधी टाकलीत आणि का, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पुढच्या पत्रात लिहा. माझं एका वाक्यातलं उत्तर त्यानंतर देईन.

बाकी इकडे सगळं ठीक. गुलमोहर फुलायला लागलाय, इथे उन्हाळा उलटा, आंबे डिसेंबरात येतात. तेव्हा मी नसेन, महिनाअखेरची सुट्टी मंजूर झाली तर नाताळात घरी आहे. काजू आणतेय, इथले मोठे असतात. बाबांना सांगा, पाणपट्टीचे पैसे पाठवलेत. तुमची गोळी सकाळची सकाळीच घ्यायची, जेवणानंतर नव्हे.

आणि हो, हे पत्र लिहीत होते तर बाबू पेपर न्यायला आले. कुणाला लिहितेस विचारलं. मी म्हटलं आजोबांना, तेही म्वालिमू होते. त्यांनी लगेच तुमचं वय विचारलं. मी ८१ सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजून बघितलं, सहा वर्षांनी मोठे आहात. मग टोपी काढून म्हणाले, त्यांना माझा शिकामू सांग.

सांगितला. तुम्ही काय म्हणायचं ते वर लिहिलंय.

तुमची नात